ध्वनियंत्राचा जनक थॉमस आल्वा एडिसन

एडिसन हे नाव उच्चारताच आपल्या डोळ्यांपुढे विजेचा दिवा उभा राहतो. क्रमिक पुस्तकांतून आपणांस त्याची हीच ओळख होते, आणि ती खोटी नव्हे. तथापि ज्या कल्पनेवर त्याचे स्वतःचे सर्वांत अधिक प्रेम होते, जी त्याने तिसाव्या वर्षी जन्मास घातली आणि ब्याऐंशीव्या वर्षापर्यंत हातची सोडली नाही, ती दिव्याची नव्हे. ती बोलक्या यंत्राची होय. विशेष हे की, मनुष्याचा आवाज साठवून पुन्हा ऐकविणारा हा पुरुष जवळजवळ बहिरा होता. त्याच्या दीर्घ चरित्रातील हाच भाग येथे थोड्या विस्ताराने सांगण्याचा विचार आहे. बाकीचा ओघाने येईल तेवढाच.

थॉमस आल्वा एडिसन याचा जन्म 11 फेब्रुवारी 1847 रोजी अमेरिकेतील ओहायो संस्थानात मिलान नामक लहानशा गावी झाला. सात भावंडांत तो सर्वांत धाकटा. तो सात वर्षांचा असता कुटुंब मिशिगनमधील पोर्ट ह्यूरन येथे राहावयास गेले. शाळेशी त्याचा संबंध फारच थोडा काळ आला. मास्तरांना मुलगा मंद वाटला, पण आईला तो तसा वाटला नाही. ती पूर्वी स्वतः शिक्षिका होती, तेव्हा तिने त्यास घरीच शिकविले. बाराव्या वर्षी पोर्ट ह्यूरन ते डेट्रॉइट या आगगाडीत तो वर्तमानपत्रे व खाऊ विकू लागला. गाडीच्या सामानाच्या डब्यात त्याने रसायनांच्या बाटल्या मांडल्या आणि पुढे एक जुने छपाईयंत्र मिळवून चालत्या गाडीत स्वतःचे छोटे वर्तमानपत्रही छापले. सन 1862 मध्ये माउंट क्लेमेन्स स्थानकावर एका घरंगळत येणाऱ्या डब्याखाली सापडणाऱ्या बालकास त्याने ओढून वाचविले. ते बालक स्टेशनमास्तरांचे होते. कृतज्ञ पित्याने त्यास तारायंत्राची विद्या शिकविली, आणि येथूनच त्याच्या आयुष्यास दिशा लागली.

याच सुमारास त्याची श्रवणशक्ती क्षीण होऊ लागली होती. या बहिरेपणाच्या कारणांविषयी त्याने स्वतःच निरनिराळ्या प्रसंगी निरनिराळ्या हकीकती सांगितल्या. कोणी त्यास चालत्या गाडीत कानांस धरून वर ओढले, ही गोष्ट फार प्रसिद्ध आहे. परंतु बालपणीचा ताप आणि कानांचे वारंवार होणारे विकार हेच कारण अधिक संभवनीय दिसते. तारमास्तराच्या धंद्यात या उणिवेचा त्यास उपयोगच झाला, कारण शेजारच्या यंत्रांचा कलकलाट त्यास ऐकू येत नसे. स्वतःच्या यंत्राची टकटक मात्र स्पष्ट कळे. पुढे वयाबरोबर बहिरेपण वाढले, तेव्हा तो वाद्याच्या किंवा यंत्राच्या पेटीच्या लाकडात दात रोवून, कवटीच्या हाडांवाटे कंपने ग्रहण करून, संगीत ऐकत असे. हे वाचून हसू येईल. पण याच माणसाच्या पसंतीवाचून त्याच्या कारखान्यातून एकही गाणे बाहेर पडत नसे, हे पुढे दिसून येईल.

तारायंत्रातील सुधारणा, शेअरबाजाराचे भाव छापणारे यंत्र, यांपासून पैसा मिळताच 1876 मध्ये त्याने न्यू जर्सीतील मेन्लो पार्क येथे प्रयोगशाळा उभारली. दुसऱ्याच वर्षी ध्वनियंत्राची कल्पना त्यास सुचली, आणि तीही दुसरेच काम करीत असता. तारेचे संदेश कागदावर उठवून ते मागाहून वेगाने पुढे पाठविण्याचे यंत्र तो तयार करीत होता. कागद जोराने फिरविला म्हणजे त्यावरील खळग्यांवरून जाणाऱ्या कांडीतून बोलल्यासारखा गुणगुणता नाद निघे. टेलिफोनच्या पडद्याचे कामही तेव्हाच चालू होते. दोन्ही गोष्टींची त्याच्या मनात सांगड पडली. पडद्यावर आवाज आदळला की पडदा थरथरतो. त्या पडद्यास सुई लावली तर ती थरथर मऊ पदार्थावर उमटेल. आणि त्याच चरातून सुई पुन्हा फिरविली तर पडदा पूर्वीसारखाच थरथरेल, म्हणजेच बोलेल! कल्पना इतकी साधी आहे की, ती आधी कोणास का सुचली नाही याचे आश्चर्य वाटते. खरे पाहता पॅरिसमध्ये शार्ल क्रो याने त्याच वर्षीच्या एप्रिलात असाच विचार कागदावर मांडून विद्वत्परिषदेकडे मोहोरबंद करून ठेविला होता. पण त्याने यंत्र केले नाही, एडिसनने केले. एवढाच भेद, परंतु तो लहान नव्हे.

जॉन क्रूसी या स्विस कारागिराने ते यंत्र डिसेंबर 1877 मध्ये बनवून दिले. मळसूत्री चर कोरलेले पितळेचे नळकांडे, त्यावर गुंडाळलेला कथिलाचा वर्ख, हाताने फिरविण्याचा दांडा, आणि दोन बाजूंस दोन पडदे, इतकीच त्याची सामग्री. एडिसनने मेरी नावाच्या मुलीच्या कोकराचे एक बालगीत यंत्रात मोठ्याने म्हटले, सुई मागे आणून दांडा फिरविला, आणि यंत्राने ते परत म्हणून दाखविले. जवळ उभे असलेले कारागीर चकित झाले यात नवल नाही. स्वतः एडिसनही दचकला. 19 फेब्रुवारी 1878 रोजी त्यास पेटंट मिळाले, आणि एप्रिलात राष्ट्राध्यक्ष हेस यांच्यापुढे रात्री उशिरापर्यंत या यंत्राचे प्रयोग झाले. परंतु वर्ख चार-दोन वेळा वाजविल्यावर झिजून निरुपयोगी होई, आणि आवाजही चेपलेला येई. लोकांचे कुतूहल ओसरले. एडिसन दिव्याच्या मागे लागला, न्यूयॉर्कच्या रस्त्यांखाली विजेच्या तारा घालू लागला, आणि बोलके यंत्र दहा वर्षे कोपऱ्यात पडून राहिले.

त्यास जागे केले ते प्रतिस्पर्ध्यांनी. टेलिफोनचा जनक बेल याच्या प्रयोगशाळेत चिचेस्टर बेल आणि टेंटर यांनी वर्खाऐवजी मेण वापरून, त्यात चर कोरण्याची युक्ती काढली. हे कळताच एडिसनचा अभिमान दुखावला. वेस्ट ऑरेंज येथील नव्या, विस्तीर्ण प्रयोगशाळेत त्याने पुन्हा कंबर कसली आणि जून 1888 मध्ये तीन अहोरात्र जवळजवळ न झोपता मेणाच्या नळकांड्याचे सुधारलेले यंत्र पुरे केले. त्या प्रसंगी काढलेले, विस्कटलेल्या केसांचे, यंत्राशेजारी टेकून बसलेल्या एडिसनचे छायाचित्र सुप्रसिद्ध आहे.

येथे त्याच्या दूरदृष्टीस एक मर्यादा होती, ती सांगितलीच पाहिजे. हे यंत्र कचेरीत पत्रे सांगण्यासाठी वापरले जाईल, अशी त्याची समजूत होती. गाण्याबजावण्यासाठी ते वापरणे त्यास हलके वाटे. लोकांना मात्र गाणेच हवे होते. दुसरी अडचण अशी की, आरंभी नळकांड्याच्या प्रती काढता येत नसत. गायकाने चार-सहा कर्ण्यांपुढे उभे राहून एकच गाणे दिवसभर पुनःपुन्हा गावे, आणि प्रत्येक वेळी थोडी नळकांडी तयार व्हावी, असा तो कष्टाचा व्यवहार होता. सोन्याच्या सूक्ष्म लेपाने साचा बनवून हवी तितकी नळकांडी ओतण्याची रीत 1902 मध्ये बाजारात आली. तोवर फार उशीर झाला होता.

कारण मधल्या काळात हॅनोव्हर येथे जन्मलेला व अमेरिकेत स्थायिक झालेला एमिल बर्लिनर पुढे सरसावला होता. त्याने 1887 मध्ये ग्रामोफोनचे पेटंट घेतले. एडिसनच्या यंत्रात सुई वरखाली होई. बर्लिनरच्या यंत्रात ती डावीउजवीकडे हाले. एडिसनचे नळकांडे होते, बर्लिनरची सपाट तबकडी. तबकडीवर आवाज काहीसा कर्कश उमटे. लोखंडी सुई वारंवार बदलावी लागे आणि ती चर झिजवी. परंतु एका ठशावरून लाखेच्या हजारो तबकड्या दाबून काढता येत. त्या एकावर एक रचून ठेवता येत, आणि स्वस्त पडत. ती लाख बव्हंशी आपल्याच देशाच्या जंगलांतून जात असे, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. सन 1902 मध्ये इंग्रज ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गैसबर्ग कलकत्त्यास आला, त्याने गौहरजान इत्यादींचे गायन मेणावर उतरविले आणि तबकड्या हॅनोव्हरच्या कारखान्यात दाबून परत हिंदुस्थानात आणविल्या. पुढे 1908 मध्ये कलकत्त्यासच कारखाना निघाला. बालगंधर्वांची पदे आणि अब्दुल करीम खाँ यांची ठुमरी नाटकगृहाचे तोंडही न पाहिलेल्या खेड्यांतील घरांत पोहोचली ती याच तबकडीवाटे, तीन-साडेतीन मिनिटांच्या मापात. सोयीपुढे गुणाची माघार होते, असा हा पहिला प्रसंग.

एडिसनला ही माघार मान्य नव्हती. त्याने तबकडी स्वीकारली, पण ती बर्लिनरची नव्हे. सुई वरखाली हलण्याचे आपले तत्त्व तसेच ठेवून 1912 मध्ये त्याने हिऱ्याची तबकडी बाहेर काढली. तिची रचना मुळातून समजून घेण्यासारखी आहे. तबकडी पाव इंच जाड असल्यामुळे ती वाकडी होत नसे. पृष्ठभागी लाख नव्हती; रसायनज्ञ एल्सवर्थ याने शोधलेल्या कंडेन्साइट नामक कठीण, गुळगुळीत पदार्थाचा लेप होता. एका इंचात दीडशे चर मावत, म्हणून दहा इंची तबकडी एका बाजूस साडेचार-पाच मिनिटे वाजे. सुईच्या जागी घोटलेला हिरा असे; तो कधी बदलावा लागत नसे. शिवाय ध्वनिपेटी चराने ओढून न्यावी लागत नसे. यंत्रातील मळसूत्र तिला चराबरोबर हळूहळू सरकवीत असे. त्यामुळे चर झिजत नसत. तबकडीची गती मिनिटास नेमके 80 फेरे ठेविलेली होती. आज शंभर वर्षांनंतरही या तबकड्या चांगल्या यंत्रावर ऐकल्या तर त्या काळच्या इतर तबकड्यांहून मोकळा व भरदार आवाज देतात, हे जाणकार मान्य करतात.

हा आवाज प्रत्यक्ष गळ्यासारखाच आहे हे लोकांस पटविण्यासाठी कंपनीने 1915 पासून दहा वर्षे गावोगाव स्वरपरीक्षेच्या सभा भरविल्या. रंगमंचावर एक यंत्र, शेजारी तीच गायिका. दोघे एकत्र गात. मध्येच गायिकेने ओठ मिटावे आणि गाणे तसेच चालू राहावे. मग दिवे मालवीत. अंधारात गाणे चालू असे, आणि दिवे लागले म्हणजे गायिका केव्हाच निघून गेली आहे हे पाहून श्रोते थक्क होत. एप्रिल 1916 मध्ये न्यूयॉर्कच्या कार्नेगी सभागृहात मेरी रॅपोल्ड हिने असा प्रयोग केला. अशा हजारो सभा झाल्या आणि सहस्रावधी श्रोत्यांनी भेद ओळखता येत नाही असा निर्वाळा दिला.

आता येथे थोडे थांबून विचार करू. त्या काळी आवाज केवळ कर्ण्यातून, विजेच्या साह्याशिवाय मुद्रित होई. सेकंदास सुमारे अडीच-तीन हजारांपलीकडची कंपने त्यात नीट उतरतच नसत. सुशिक्षित श्रोत्यांना ते कळले कसे नाही? उत्तराचा एक भाग असा की, अॅना केस या गायिकेने पुष्कळ वर्षांनी मान्य केले, त्याप्रमाणे ती आपला आवाज यंत्राच्या आवाजाइतकाच बेताचा ठेवीत असे. यंत्र गायिकेसारखे गात होते हे खरे. परंतु गायिकाही यंत्रासारखी गात होती! दुसरा भाग श्रोत्यांच्या मनात होता. अपेक्षा कानास फसविते. म्हणून खरी परीक्षा ती, जिच्यात ऐकणारास आणि ऐकविणारास, दोघांसही कोणता आवाज कशातून येत आहे हे ठाऊक नसते.

अशी परीक्षा आपल्या काळात झाली आहे, आणि ती एडिसनच्या वादाशी इतकी जुळते की तिचा उल्लेख अप्रस्तुत होणार नाही. सन 1982 मध्ये सोनी व फिलिप्स या कंपन्यांची सीडी आली. तिच्यात आवाजाचे मोजमाप सेकंदास 44,100 वेळा होते आणि प्रत्येक माप सोळा द्विमान अंकांत लिहिलेले असते. या मापाने सेकंदास सुमारे 22,000 पर्यंतची कंपने धरता येतात. तरुण माणसाचा निरोगी कान 20,000 च्या आसपास थांबतो आणि वयाबरोबर आणखी खाली येतो. तरीही पुढे 96,000 व 192,000 मापांची, चोवीस अंकांची ध्वनिमुद्रणे अधिक दरात विकली जाऊ लागली. सन 2007 मध्ये अमेरिकेत ब्रॅड मेयर व डेव्हिड मोरन यांनी उंची तबकडीचा आवाज एकदा सरळ, आणि एकदा सीडीच्या मापातून गाळून, न सांगता श्रोत्यांना ऐकविला. 554 प्रयत्नांत 276 उत्तरे बरोबर आली. नाणे उडवूनही तितकीच आली असती. सन 2016 मध्ये जोशुआ रीस यांनी अठरा प्रयोगांची बेरीज करून पाहिली, तेव्हा बरोबर उत्तरांचे प्रमाण शंभरात 52 हून किंचित अधिक निघाले. म्हणजे भेद असलाच तर केसाएवढा. मात्र मेयर-मोरन यांस आणखी एक गोष्ट आढळली, आणि तीच माझ्या मते महत्त्वाची होय. त्या महाग तबकड्यांपैकी पुष्कळ खरोखरच सुरेल वाजत. पण त्याचे कारण मापाचा बारीकपणा नव्हे, तर त्या तयार करताना मुद्रकांनी घेतलेली काळजी. तीच काळजी साध्या सीडीवर घेतली तर साधी सीडीही तशीच वाजते. घरात चांगले कर्णे आणि ते मांडण्याची योग्य जागा यांवर खर्च केलेला पैसा यापेक्षा लवकर कानी पडतो, हे पालकांनी लक्षात घ्यावे.

एडिसनकडे काळजी उदंड होती. मग त्याचे काय चुकले? त्याने आवाजाची जितकी चिंता केली तितकी संगीताची केली नाही. नव्हे, केली ती विपरीत केली. गायकांची निवड तो स्वतः करी. गळ्यातील कंप त्यास मुळीच खपत नसे, आणि त्यापायी मोठमोठे गायक त्याने परत पाठविले. गुंतागुंतीची स्वररचना त्यास नकोशी होती, साधी जुनी भावगीते हवीशी. कलावंताच्या कीर्तीपेक्षा तबकडीची शुद्धता मोठी, या भावनेने प्रारंभी तबकड्यांवर गायकांची नावे ठळक छापण्याचेही त्याने टाळले. रॅखमॅनिनॉफसारखा थोर पियानोवादक 1919 मध्ये त्याच्याकडे वाजवून गेला आणि पुढच्याच वर्षी व्हिक्टर कंपनीकडे निघून गेला. व्हिक्टरजवळ करूझो होता. लोकांना करूझो ऐकावयाचा होता, मग तबकडी थोडी खरखरली तरी चालेल. त्यातच एडिसनची तबकडी इतर यंत्रांवर वाजत नसे, आणि इतरांची तबकडी त्याच्या यंत्रावर साधनांची जोड दिल्याशिवाय वाजत नसे. ज्याने त्याचे यंत्र घेतले त्याने त्याची निवडही पत्करली, असा हा सौदा होता.

संकटेही आली. 9 डिसेंबर 1914 च्या रात्री वेस्ट ऑरेंजच्या कारखान्यास भयंकर आग लागून अनेक इमारती भस्मसात झाल्या. एडिसन त्या वेळी सदुसष्ट वर्षांचा होता. दुसऱ्याच दिवशी त्याने राडारोडा उपसावयास माणसे लावली, आणि थोड्याच आठवड्यांत काम पुन्हा सुरू झाले. परंतु महायुद्धामुळे तबकडीच्या लेपास लागणारे फिनॉल परदेशातून येईनासे झाले. ते त्याने स्वतःचा कारखाना काढून तयार केले खरे; तथापि युद्धकाळातील तबकड्यांचा पृष्ठभाग पूर्वीसारखा गुळगुळीत राहिला नाही. ज्या खरखरीवाचून असणे हाच तिचा बडेजाव, तीच खरखर तिच्यात शिरली. ग्राहकांच्या तक्रारी येऊ लागल्या.

सन 1925 मध्ये व्हिक्टर व कोलंबिया या कंपन्यांनी मायक्रोफोन आणि विद्युतशक्ती यांच्या साह्याने मुद्रण सुरू केले. पूर्वी कधी न ऐकलेले खर्ज आणि तीव्र स्वर तबकडीवर येऊ लागले. विजेचा दिवा घरोघर नेणाऱ्या या पुरुषाने ध्वनीच्या कामी वीज घेण्यास मात्र दोन वर्षे नकार दिला. 1927 पर्यंत तो कर्ण्यावरच हट्टाने टिकून राहिला. याच काळात, 1926 मध्ये, त्याने इंचात साडेचारशे चर असलेली, दोन्ही बाजू मिळून चाळीस मिनिटे वाजणारी बारा इंची तबकडी काढली. दीर्घकाळ वाजणाऱ्या तबकडीची कल्पना बरोबर होती. कोलंबियाने ती बावीस वर्षांनी यशस्वी करून दाखविली. पण एडिसनच्या तबकडीचा आवाज दबका होता, आणि तिच्या चरांच्या केसासारख्या भिंती जड ध्वनिपेटीखाली ढासळत. ती विकली गेली नाही. अखेरीस 1929 मध्ये त्याच्या कंपनीने इतरांसारखीच, डावीउजवीकडे हलणाऱ्या सुईची तबकडी काढली. ऑक्टोबरच्या अखेरीस तीही बंद करून तबकड्यांचा व्यवसायच थांबविला. बर्लिनर त्याच वर्षीच्या ऑगस्टात वारला होता.

यानंतर एडिसन दोनच वर्षे जगला. रबराचा चीक देणाऱ्या वनस्पतींचे प्रयोग चालू असताच प्रकृती ढासळली आणि 18 ऑक्टोबर 1931 रोजी वेस्ट ऑरेंज येथील राहत्या घरी, चौऱ्याऐंशीव्या वर्षी, त्याचा अंत झाला. अमेरिकेत त्याच्या नावे 1,093 पेटंटे होती. 21 ऑक्टोबरच्या रात्री त्याच्या सन्मानार्थ देशभर दिवे मंद करण्यात आले. वेस्ट ऑरेंजची प्रयोगशाळा आता राष्ट्रीय स्मारक म्हणून जतन केली आहे. मेणाची हजारो नळकांडी कॅलिफोर्नियातील सांता बार्बरा येथील विद्यापीठाने संगणकावर उतरवून घेतली असून ती घरबसल्या विनामूल्य ऐकता येतात. ऐकताना प्रथम खरखर कानी येते, आणि काही क्षणांनी तिच्यामागून कोणीतरी कधीच्या काळी मेलेला मनुष्य मोठ्याने, स्पष्ट उच्चारांत, गाण्याचे नाव आणि कंपनीचे नाव सांगू लागतो.